उन्हाळ्यातील म्हैस: कातडी, मूत्रपिंड, संप्रेरके आणि मुका माज

मार्च ते जून या काळात अनेक पशुपालकांची तक्रार सारखीच असते. म्हैस व्याऊन तीन-चार महिने झाले, खाते-पिते, दूधही बऱ्यापैकी आहे, पण माजावर येत नाही. काही जण म्हैस भाकड राहणार म्हणून विकायला काढतात, तर काही जण कोणाच्या तरी सांगण्यावरून एकामागून एक इंजेक्शने देत राहतात. प्रत्यक्षात यातील बऱ्याच म्हशी माजावर आलेल्या असतात, पण तो माज रात्री येऊन पहाटेपर्यंत ओसरतो आणि आपल्या लक्षात येत नाही. उरलेल्या म्हशींत माजाचे चक्र खरोखरच थांबलेले असते. या दोन्ही गोष्टींचे मूळ म्हशीच्या शरीररचनेत आहे.

म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिने दहा दिवसांचा असतो. तेरा-चौदा महिन्यांत पुढचे वेत हवे असेल तर व्याल्यानंतर ९० ते १२० दिवसांत म्हैस गाभण राहिली पाहिजे. एक माज चुकला की पुढचा सरासरी २१ दिवसांनी येतो. चारा, पेंड आणि मजुरी मिळून दिवसाला २०० रुपये खर्च धरला तरी एका चुकलेल्या माजाचे ४,२०० रुपये होतात. उन्हाळ्यात असे तीन माज ओळीने हुकले तर नुकसानीचा आकडा आपणच मांडून पाहा.

काळी कातडी आणि कमी घाम

गाय आणि म्हैस एकाच दावणीला बांधली तरी दोघींना ऊन सारखे लागत नाही. म्हशीची कातडी काळी आणि जाड असते व तिच्यावर केस विरळ असतात. काळ्या रंगामुळे सूर्यप्रकाशातील हानिकारक किरणांपासून आतल्या थरांचे संरक्षण होते, पण तोच रंग उष्णताही जास्त शोषतो. त्यातच घर्मग्रंथींची संख्या गाईच्या तुलनेत खूपच कमी असते. गाय, विशेषतः देशी गाय, घाम गाळून स्वतःला बऱ्यापैकी थंड ठेवते. म्हशीला ते फारसे जमत नाही.

तेलग्रंथी मात्र म्हशीत चांगल्या विकसित असतात. त्यातून पाझरणाऱ्या तेलकट पदार्थामुळे म्हशीच्या अंगाला चकाकी येते आणि पाण्यात तासन्‌तास बसूनही कातडी खराब होत नाही. एकूण पाहता हे जनावर पाण्याजवळ राहण्यासाठीच घडले आहे. घामाचे काम ते डुंबून भागवते. म्हैस डबक्यात बसते तेव्हा अंगातील उष्णता थेट पाण्यात जाते. बाहेर आल्यावर अंगावरचे पाणी किंवा चिखल सुकताना आणखी उष्णता निघून जाते. साध्या पाण्यापेक्षा चिखल उशिरा सुकतो, म्हणून त्याचा गारवा जास्त वेळ टिकतो. शिवाय माश्या आणि डास चावत नाहीत तो फायदा वेगळाच.

म्हशीचे एक वैशिष्ट्य फारसे लक्षात घेतले जात नाही. उन्हात तिच्या शरीराचे तापमान गाईपेक्षा लवकर वाढते, पण सावली आणि पाणी मिळाले की ते गाईपेक्षा लवकर खालीही येते. त्यामुळे दुपारी अकरा ते चार या वेळेत सावली आणि पाणी देण्याची मेहनत म्हशीच्या बाबतीत विशेष फळते.

डुंबायला तळे किंवा ओढा जवळ नसेल तर गोठ्यात पाणी शिंपडण्याची सोय करावी. यात नेहमी होणारी चूक म्हणजे नुसते वरवर तुषार उडवणे. पाणी केसांवर न राहता कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. दोन-तीन मिनिटे अंग चांगले भिजवावे, मग पाणी बंद करून दहा-पंधरा मिनिटे पंखा चालवावा आणि पुन्हा भिजवावे. थंडावा मिळतो तो पाणी वाळताना, सतत पाणी सोडून ठेवण्याने नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही पद्धत उत्तम चालते. कोकणात हवेत मुळातच दमटपणा असल्याने पाणी लवकर वाळत नाही, तिथे पंख्याला आणि गोठ्यातील वाऱ्याच्या वाटेला जास्त महत्त्व द्यावे. बंदिस्त गोठ्यात फॉगर लावून दारे-खिडक्या गोणपाटांनी गच्च बंद केल्या तर आत वाफाळलेली कोंडी तयार होते आणि म्हशीचा त्रास वाढतो.

धाप लागते तेव्हा

कातडीतून उष्णता पुरेशी बाहेर पडली नाही की म्हैस श्वासाचा वेग वाढवते. सावलीत शांत उभ्या असलेल्या म्हशीचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. बरगड्यांची हालचाल मोजून तो सहज पाहता येतो. दुपारी हाच आकडा ६० च्या पुढे गेला, तोंड उघडे पडले आणि लाळ गळू लागली तर म्हैस संकटात आहे असे समजावे. थर्मामीटर गुदद्वारात मिनिटभर ठेवून पाहावे. निरोगी म्हशीचे तापमान साधारण १०१ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते. ते १०३ च्या वर गेले असेल तर आधी सावली आणि पाणी द्यावे. अर्ध्या-एक तासात उतरले नाही तर पशुवैद्यकांना बोलवावे, कारण तो आजाराचा तापही असू शकतो.

धापेमुळे आणखी एक बदल होतो. जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. हे सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट लघवीवाटे सोडून देतात. लाळेतही बायकार्बोनेट असते, तीही गळून वाया जाते. मग पोटात आम्ल आवरायला बायकार्बोनेट कमी पडते आणि अपचन होते. म्हणूनच उन्हाळ्यात पशुवैद्यकांच्या सल्ल्याने आंबोणात खाण्याचा सोडा देतात. सोड्याचा आणि उन्हाचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

मूत्रपिंडे: पाण्याचा हिशेब ठेवणारा अवयव

शेळी-मेंढीची मूत्रपिंडे घेवड्याच्या दाण्यासारखी गुळगुळीत असतात. गाय-म्हशीची मात्र अनेक लहान-मोठे खंड एकत्र जोडल्यासारखी, खडबडीत दिसतात. डावे मूत्रपिंड सैल लोंबते असते आणि वासरू मोठे होऊन कोठीपोट वाढले की ते उजव्या बाजूला ढकलले जाते. गाभण तपासणी करताना पशुवैद्यकांच्या हाताला ते लागते.

पाणी कमी पडू लागले की मेंदूतील पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येते. ते मूत्रपिंडाला पाणी परत शोषून घ्यायला सांगते, त्यामुळे लघवी कमी, गडद पिवळी आणि उग्र वासाची होते. मूत्रपिंडाशेजारील अधिवृक्क ग्रंथीतून येणारे अल्डोस्टेरॉन मिठातील सोडियम धरून ठेवते. ही यंत्रणा जनावराला जगवते, पण दुधाची किंमत मोजून. म्हशीच्या दुधात ८२-८३ टक्के पाणीच असते. शरीर पाणी वाचवू लागले की म्हैस आधी चारा कमी खाते आणि पाठोपाठ दूध घटते. दुधाळ म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागते आणि जास्त दुधाच्या म्हशीला त्याहूनही अधिक. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा बादलीने पाणी पाजून एवढे पोटात जात नाही. पाण्याची टाकी सावलीत आणि दिवसभर तोंडाशी असावी. उन्हात तापलेले पाणी म्हैस तोंड लावून सोडून देते.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मूत्रपिंडाची एक हुशारी सांगण्यासारखी आहे. कोरड्या कडब्यावर दिवस काढायची वेळ आली आणि प्रथिने कमी पडली की मूत्रपिंडे युरिया बाहेर टाकण्याऐवजी राखून ठेवतात. तो लाळेतून आणि पोटाच्या अस्तरातून पुन्हा कोठीपोटात जातो व तिथले सूक्ष्मजीव त्यापासून प्रथिने बनवतात. याचा अर्थ चाऱ्यात मनाने युरिया मिसळावा असा नाही. त्याचे प्रमाण जरा चुकले तरी काही तासांत जनावर दगावते.

लघवीच्या रंगाकडे रोज लक्ष ठेवावे. ती कॉफीसारखी किंवा तांबडी दिसली तर एक दिवसही थांबू नये. व्याल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत म्हशीला स्फुरदाच्या कमतरतेने रक्तपेशी फुटून तांबडी लघवी होते, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिओसिसमध्येही लघवी तशीच दिसते. दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे आधी रक्ततपासणी महत्त्वाची. बैल, रेडा किंवा बोकड लघवीसाठी कुंथत असेल, थेंबथेंब लघवी होत असेल तर मुतखडा अडकल्याची शंका घ्यावी. नरांची मूत्रनलिका इंग्रजी एस अक्षरासारखी वळते आणि खडे बहुतेक त्या वळणातच अडकतात. मूत्राशय फुटण्याआधी उपचार मिळायला हवेत.

माजाचे चक्र कोण चालवते?

मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून पीयूष ग्रंथीला निरोप जातो. पीयूष ग्रंथी आपल्या संप्रेरकांनी अंडाशयाला जागे करते. अंडाशयात बीजपुटक वाढू लागते आणि त्यातून इस्ट्रोजेन तयार होते. माजाची सगळी लक्षणे, म्हणजे ओरडणे, बेचैनी, निरणावर सूज, सोट, ही या इस्ट्रोजेनची करणी. ते पुरेसे वाढले की पीयूष ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट येते आणि माज संपल्यानंतर साधारण १० ते १४ तासांनी बीज सुटते. बीज सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातील प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला गर्भासाठी तयार ठेवते आणि नवा माज अडवून धरते. गर्भ राहिला नाही तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरघळवते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

आता यात उन्हाळा कुठे शिरतो ते पाहा. उष्णतेच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढते आणि मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप क्षीण होतो. बीजपुटक पुरेसे मोठे होत नाही, इस्ट्रोजेन कमी पडते. कमी इस्ट्रोजेन म्हणजे मंद लक्षणे, आणि त्यालाच आपण मुका माज म्हणतो. उन्हाळ्यात प्रोलॅक्टिनची रक्तातील पातळीही चढते, तीही प्रजननाच्या आड येते. भर घालायला भूक मंदावलेली असते, त्यामुळे खाण्यातून मिळणारी ऊर्जा दुधातच संपते.

दुसरे कारण दिवसाच्या लांबीचे आहे. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्र मोठी असेल तर ते जास्त वेळ रक्तात राहते. म्हैस लहान दिवसांत जास्त माजावर येणारे जनावर आहे. मुंबईच्या अक्षांशावर जूनअखेरीचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरीचा सुमारे अकरा तासांचा असतो. फरक युरोपातल्याइतका मोठा नाही, तरी सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत म्हशी भराभर माजावर येतात हे प्रत्येक गोठ्यात दिसते. महाराष्ट्रासारख्या भागात हा ऋतूचा परिणाम आहार आणि गारव्याने बराच कमी करता येतो. वर्षभर हिरवा चारा आणि पाणी असलेल्या गोठ्यांत उन्हाळ्यातही म्हशी गाभण राहतात. म्हणून ‘म्हैस उन्हाळ्यात माजावर येतच नाही’ हे वाक्य आम्हाला मान्य नाही.

बीजपुटक एका दिवसात वाढत नाही, त्याला आठवडे लागतात. मे महिन्यात उष्णतेचा मार बसलेले बीज पुढे जुलैत सुटू शकते. पाऊस पडून गारवा आला तरी दीड-दोन महिने म्हशी उलटतात त्यामागे हेही एक कारण असते. अशा वेळी रेतन करणाऱ्याला दोष देण्याआधी मागचा उन्हाळा आठवावा.

मुका माज कसा पकडावा?

म्हशींमध्ये गाईसारखी एकमेकींवर चढण्याची सवय फारशी नसते, त्यामुळे त्या लक्षणाची वाट पाहत बसू नये. सोटही गाईसारखा लांब दोरीने लोंबत नाही. म्हैस बसलेली असताना तो बाहेर पडून जमिनीवर सांडतो आणि शेणात मिसळून जातो. पहाटे शेण काढण्यापूर्वी म्हशीच्या मागची जागा बॅटरीच्या उजेडात पाहावी. काचेसारखा पारदर्शक, चिकट सोट दिसला तर माज आहे. पांढरट किंवा पिवळट, दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर ते गर्भाशयाच्या दाहाचे लक्षण असते, तेव्हा रेतन करू नये.

वारंवार थोडी थोडी लघवी करणे हे म्हशीतील महत्त्वाचे लक्षण आहे. भरपूर पाणी प्यायलेली म्हैस एका वेळी जास्त लघवी करते. माजावरची म्हैस मात्र दर थोड्या वेळाने शेपूट उचलून जराशीच करते. याशिवाय सड ताठर होणे, दूध अचानक कमी येणे किंवा पान्हा चोरणे, निरणाच्या सुरकुत्या जाऊन ती सुजणे, आतील त्वचा लालसर दिसणे हेही पाहावे. उन्हाळ्यात ही लक्षणे संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच दिसतात. रात्री नऊ-दहाच्या सुमारास आणि पहाटे पाचला वीस-वीस मिनिटे गोठ्यात नुसते उभे राहून निरीक्षण करावे. धार काढताना किंवा वैरण टाकताना ते होत नाही.

आपल्या डोळ्यांपेक्षा रेड्याचे नाक भरवशाचे. माजावरच्या म्हशीच्या लघवीत आणि स्रावात गंधद्रव्ये असतात. रेडा लघवी हुंगतो, मान वर करतो आणि वरचा ओठ मुडपून काही क्षण तसाच उभा राहतो. लोक त्याला रेडा हसतो असे म्हणतात. त्या वेळी तो गंध टाळूतील बारीक छिद्रांतून नाकाच्या तळाशी असलेल्या खास गंधेंद्रियाकडे ओढून घेत असतो. दहा-पंधरा म्हशींच्या गोठ्यात नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ म्हशींमागून फिरवला तर मुके माजही सापडतात. रेडा ज्या म्हशीमागे घुटमळेल तिची नोंद करावी.

नोंदवहीला पर्याय नाही. व्याल्याची तारीख, प्रत्येक माजाची तारीख आणि रेतनाची वेळ लिहिली की पुढच्या माजासाठी १८ ते २४ दिवसांच्या दरम्यान लक्ष कधी ठेवायचे ते कळते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. त्यानंतरही माज टिकून राहिला तर पुन्हा एकदा करावे. भर दुपारी रेतन टाळावे. रेतनाआधी आणि नंतर म्हशीला सावलीत ठेवून अंगावर पाणी घालावे.

पान्हा हेही संप्रेरकाचेच काम

सडाच्या कातडीला स्पर्श झाला की मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो, ऑक्सिटोसिन रक्तात येते आणि कासेतील दुधाच्या पिशव्या आवळल्या जातात. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच खाली साठलेले असते, म्हशीच्या कासेत ते अवघे पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून पान्हा फुटल्याशिवाय म्हैस जवळजवळ काहीच देत नाही आणि पान्हवायला तिला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो. ऑक्सिटोसिनचा असर थोडी मिनिटेच टिकतो. पान्हा आल्यावर सहा-सात मिनिटांत धार पूर्ण करावी, मध्ये उठून जाऊ नये.

भीती वाटली की ॲड्रेनालिन येते आणि पान्हा अडतो. गाय-म्हशींना दोन्ही बाजूंचे आणि बरेचसे मागचेही दिसते, फक्त अगदी पाठीमागे आंधळी जागा असते. तिथून अचानक हात लावला तर त्या दचकतात. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही त्यांना ऐकू येतात. याउलट बादलीचा खणखणाट, ठराविक माणसाचा आवाज, आंबोणाचा वास यांची सवय लागली की सडाला हात लागण्याआधीच पान्हा सुटू लागतो. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यांवर पंढरपुरी म्हशी भर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत धार देतात ती याच सवयीने. पारडू दगावले म्हणून पान्ह्यासाठी इंजेक्शन देणे हा उपाय नव्हे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक असे इंजेक्शन देणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. कास कोमट पाण्याने धुऊन मसाज करावा, समोर आंबोण ठेवावे, धार काढणारा माणूस आणि वेळ बदलू नये. आठ-दहा दिवस चिकाटी ठेवल्यास बऱ्याच म्हशी वळणावर येतात.

आहारात काय बदलावे?

पोटात चारा कुजताना उष्णता तयार होते. दुपारी बारा वाजता वैरण टाकली तर ही आतली उष्णता बाहेरच्या उन्हात मिसळते. वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्यावा. उपलब्ध असेल तेवढा हिरवा चारा उन्हाळ्यासाठी राखावा किंवा आधीच मुरघास करून ठेवावा. रोज ५० ते ६० ग्रॅम क्षार मिश्रण आणि थोडे मीठ आंबोणातून द्यावे.

संप्रेरकांची इंजेक्शने कधी?

व्याल्यानंतर ९० दिवसांपर्यंत माज नोंदला गेला नाही तर पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी. अंडाशयावर पीतपिंड सापडला तर म्हैस चक्रात आहे, माज मुका आहे असे ठरते. अंडाशय लहान आणि गुळगुळीत असेल तर चक्रच थांबलेले आहे. पहिल्या प्रकारात प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनने पीतपिंड विरघळवून दोन ते पाच दिवसांत माज आणता येतो. दुसऱ्या प्रकारात त्याचा उपयोग होत नाही, कारण विरघळवायला पीतपिंडच नसतो. तिथे प्रोजेस्टेरॉन असलेले साधन काही दिवस योनीमार्गात बसवणे किंवा ठराविक दिवसांनी वेगवेगळी संप्रेरके देणे असे उपचार असतात, आणि तेही म्हशीची तब्येत भरलेली असेल तरच लागू पडतात. हाडे वर आलेल्या म्हशीला आधी दीड-दोन महिने खाऊ घालावे.

प्रोस्टाग्लँडिन गाभण म्हशीला दिले गेले तर गर्भपात होतो. गावात मोकळा रेडा फिरत असेल तर ‘माझी म्हैस गाभण नाही’ या खात्रीवर विसंबू नका, तपासणी झाल्याशिवाय हे इंजेक्शन टोचू देऊ नका. हे औषध माणसाच्या कातडीतूनही शरीरात शिरते. गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी त्याची बाटली किंवा सिरिंज हाताळू नये. अंगावर सांडल्यास लगेच साबणाने धुवावे.